जाळ्याच्या गणितात अजूनही तारेचाच बल्ब: नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
वीज वितरण जाळ्याच्या नियोजनाचे नियम ठरवणारी समिती
आणि दिव्यांची विद्युत मानके ठरवणारी समिती
यांचे सर्व सदस्य

विषय : ऊर्जाबचतीच्या दिव्यांचे विद्युत वर्तन नियोजनाच्या गणितात जसे आहे तसे धरण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,
सप्रेम नमस्कार.

नियोजन-मार्गदर्शिकेचा सुधारित मसुदा आपण हरकती आणि सूचनांसाठी खुला केला, तेव्हा त्यातले प्रकाशभाराचे पान मी सर्वांत आधी उघडले. वर्षानुवर्षे चालत आलेली ओळ तिथे तशीच होती: दिव्यांचा भार वॅटमध्ये मोजावा, तो स्थिर रोध समजावा आणि पॉवर फॅक्टर (खरी शक्ती भागिले दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार) एक धरावा. हार्मोनिकच्या, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारतेच्या लहरींच्या, परिशिष्टात आणखी एक ओळ होती, की प्रत्येक दिवा हा ठरावीक हार्मोनिक प्रवाहाचा स्रोत मानावा आणि सगळ्या दिव्यांचे प्रवाह सरळ बेरजेने एकत्र करावेत. या दोन्ही ओळींवर मी सविस्तर हरकत पाठवली. ‘नोंद घेतली आहे’ एवढे उत्तर आले आणि पुढच्या आवृत्तीत एक शब्दही बदलला नाही. या दोन ओळींच्या आधारावर उद्या हजारो इमारतींच्या तारा, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि कॅपॅसिटर ठरणार आहेत, म्हणून जे आपल्याला लिहून कळवले होते तेच आता सर्वांसमोर मांडते आहे.

मी गेली अठरा वर्षे वितरण जाळ्यांचे भारप्रवाह-अभ्यास (कोणत्या तारेतून किती प्रवाह वाहील याचे हिशेब) करते आहे. याच ओळीवर विसंबून माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचे बोलण्याचा मला अधिकार नाही. एका मोठ्या वसतिगृहात ६० वॅटचे तारेचे बल्ब काढून १४ वॅटचे सीएफएल लावायचे ठरले. प्रत्येक फेजवर (पुरवठ्याच्या तीन तारांपैकी प्रत्येकीवर) साधारण १०० दिवे होते. भार चौथाईच्याही खाली येणार, तेव्हा मोकळ्या झालेल्या क्षमतेत दोन नव्या इमारतींचे दिवेही त्याच मुख्य तारांवर घ्यावेत असा प्रस्ताव आला, आणि फेजमागे दिवे ३०० झाले. मी हिशेब केला: ३०० दिवे, प्रत्येकी १४ वॅट, दाब २३० व्होल्ट, पॉवर फॅक्टर एक, म्हणजे फेजमध्ये १८ अँपिअर. पूर्वी १०० बल्बांना २६ अँपिअर लागत होते, त्याहून हे कमीच. तिन्ही फेज समतोल असल्यामुळे न्यूट्रलमध्ये (तिन्ही फेजच्या परतीच्या सामाईक तारेत) जवळजवळ काहीच नाही. न्यूट्रलची तार जुन्या पद्धतीप्रमाणे फेजच्या निम्म्या जाडीची होती. ती बदलण्याची गरज नाही असे मी लिहिले आणि खाली सही केली.

सात-आठ महिन्यांनी तिथल्या वायरमनचा फोन आला की मुख्य पॅनेलपाशी जळका वास येतो आहे. मी गेले. पॅनेलचे दार उघडले तर तिन्ही फेजच्या तारा नव्यासारख्या होत्या आणि न्यूट्रलच्या तारेचे आवरण टोकाकडचे वीतभर तपकिरी होऊन कडक झाले होते. नखाने दाबले की त्याचा पापुद्रा सुटत होता. वायरमनने त्याआधीच आपल्या साध्या क्लॅम्प मीटरने तिन्ही फेज तपासले होते आणि प्रत्येकावर १५ अँपिअरच्या आसपास आकडा आला होता. माझ्या कागदावरच्या १८ पेक्षाही तो कमी, त्यामुळे त्याचा समज असा झाला की भारात काही दोष नाही, कुठेतरी जोड सैल आहे. न्यूट्रलवर मीटर लावण्याचे त्याच्या मनात आले नाही, कारण समतोल भारात तिथे काही नसते हे त्याला आम्हीच शिकवलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी ट्रू आरएमएस मीटर (लहर कशीही असली तरी खरा प्रवाह दाखवणारा) आणि ऑसिलोस्कोप (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारे यंत्र) घेऊन गेले. फेजमध्ये तीसच्या आसपास अँपिअर निघाले आणि निम्म्या जाडीच्या न्यूट्रलमध्ये पन्नासच्या जवळपास. साधा मीटर लहरीची सरासरी घेतो आणि ती शुद्ध साइन लहरच आहे असे धरून तिला १.११ ने गुणतो. टोकदार लहर समोर आली की त्याचा आकडा खऱ्याच्या निम्म्यावर येऊ शकतो. म्हणजे माझा कागद आणि त्याचा मीटर यांनी एकच गृहीतक धरले होते, म्हणून दोघांचे जुळले, आणि दोघेही चुकले. पडद्यावर प्रवाहाची रेघ बराच वेळ शून्यावर सपाट चालायची, दाब शिखरापाशी पोहोचला की एकदम सुळक्यासारखी वर जायची आणि तितक्याच वेगाने खाली यायची. त्या सुळक्याकडे मी बराच वेळ बघत उभी राहिले. माझ्या हिशेबात तो कुठेच नव्हता, आणि आपल्या नव्या मसुद्यातही तो नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार अशी, की मसुदा दिव्याच्या प्रवाहाचा आकारच विचारात घेत नाही. तारेच्या बल्बमध्ये प्रवाह दाबाच्या मागोमाग चालतो. दाब साइन लहरीचा, तर प्रवाहही तसाच. सीएफएलच्या आणि साध्या एलईडी दिव्याच्या बुडाशी चार डायोडांचा ब्रिज (उलटसुलट प्रवाह एकाच दिशेला वळवणारी जोडणी) आणि एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा शिखरदाब ३२५ व्होल्ट असतो. कॅपॅसिटर या शिखराच्या जवळपास भरलेला राहतो, आणि बाहेरचा दाब त्याच्या दाबाच्या वर चढतो तेवढाच वेळ डायोड उघडतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात अर्धा फेरा १० मिलिसेकंदांचा. त्यातले जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद दिवा जाळ्याकडून वीज घेतो आणि बाकीचा वेळ साठ्यावर काढतो. दहा मिलिसेकंदांचे काम तीन मिलिसेकंदांत उरकायचे, म्हणून तो प्रवाह उंच आणि टोकदार होतो. अशा लहरीची फोड केली की मूळ लहरीबरोबर तिसरे, पाचवे, सातवे असे विषम हार्मोनिक निघतात, आणि साध्या सीएफएलमध्ये एकटे तिसरे हार्मोनिकच मूळ प्रवाहाच्या ८० टक्क्यांच्या घरात जाऊ शकते.

न्यूट्रलमध्ये याचे काय होते हे मी वसतिगृहात पाहिले. तीन फेजच्या मूळ लहरी एकमेकींपासून १२० अंशांवर असतात, म्हणून न्यूट्रलमध्ये त्या एकमेकींना पुसून टाकतात. तिसऱ्या हार्मोनिकसाठी हे अंतर तिप्पट होऊन ३६० अंश होते, म्हणजे तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक एकाच तालात येते आणि न्यूट्रलमध्ये त्याची पूर्ण बेरीज होते. नवव्या आणि पंधराव्याचेही तेच. तिन्ही फेजचे सुळके एकमेकांवर न चढता वेगवेगळ्या वेळी आले, तर न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या १.७३ पट होतो. हे कोणा एका दिव्याच्या बिघाडाने होत नाही. सगळे दिवे धडधाकट असतात आणि भार पूर्ण समतोल असतो तेव्हाच होते. असे असताना समतोल भारासाठी न्यूट्रलचा प्रवाह दुर्लक्षणीय मानण्याची मुभा आपल्या मसुद्यात आजही आहे. जी मुभा मी वापरली, ती माझ्यानंतरच्या कोणत्याही अभियंत्याला पुन्हा वापरता येऊ नये.

दुसरी तक्रार पॉवर फॅक्टरची आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते, कारण इथे मसुदा नुसता गप्प बसत नाही, चुकीचा उपायही सांगतो. दिव्यांमुळे पॉवर फॅक्टर घसरल्याचे मोजमापात दिसले तर फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण-तारेवर) कॅपॅसिटर बसवावेत, असे त्यात लिहिले आहे. मोटारीचा पॉवर फॅक्टर घसरतो तो प्रवाह दाबाच्या मागे पडतो म्हणून. तिथे कॅपॅसिटर हा योग्य उपाय आहे. सीएफएलचा पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ असतो तो मुख्यतः लहर वाकडी असते म्हणून. त्याची मूळ लहर दाबाच्या मागे नसते, बहुधा थोडी पुढेच असते. एकूण हार्मोनिक विकृती (मूळ लहरीच्या तुलनेत सर्व हार्मोनिकचा एकत्रित वाटा) १३० टक्के धरली आणि मूळ लहर दाबाशी अगदी जुळलेली मानली, तरी केवळ विकृतीमुळे पॉवर फॅक्टर ०.६१ वर येतो. या दिव्याला कॅपॅसिटर काही देऊ शकत नाही. उलट आधीच पुढे असलेली लहर तो आणखी पुढे ढकलतो, आणि जाळ्याच्या इंडक्टन्सशी त्याचा अनुनाद (रेझोनन्स) पाचव्या किंवा सातव्या हार्मोनिकच्या जवळ आला तर दाबाची लहर आणखी बिघडते. दाब आणि प्रवाह साइन लहरीचे नसतात तेव्हा शक्तीची फोड कशी करायची, हे आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १४५९ क्रमांकाच्या मानकात व्यवस्थित मांडलेले आहे. ती फोड स्वीकारण्यात आपल्याला काय अडचण आहे, हे मला खरोखर समजलेले नाही.

तिसरी तक्रार दाबाशी असलेल्या नात्याची. मसुदा दिव्याला स्थिर रोध म्हणतो, म्हणजे दाब कमी झाला की शक्ती वर्गाच्या प्रमाणात कमी होणार. हे तर तारेच्या बल्बलाही पूर्ण लागू नव्हते. तार थंड झाली की तिचा रोध उतरतो, म्हणून त्याची शक्ती साधारण दाबाच्या दीड घाताने बदलते; दाब ५ टक्के उतरला की शक्ती सुमारे साडेसात टक्के. सीएफएलची शक्ती ढोबळमानाने दाबाच्या प्रमाणातच बदलते. नियंत्रित ड्रायव्हर असलेला एलईडी दिवा मात्र दाब उतरला तरी तेवढीच शक्ती घेतो, आणि त्यासाठी प्रवाह वाढवतो. फीडरचा दाब थोडा उतरवून वीज वाचवण्याच्या योजनेत जुन्या मॉडेलप्रमाणे दिव्यांकडून जी बचत कागदावर दिसेल, ती अशा दिव्यांकडून प्रत्यक्षात मिळणार नाही. दाब कोसळत असताना तर हा फरक केवळ बचतीचा राहत नाही. स्थिर रोधाचा भार त्या क्षणी आपोआप हलका होऊन जाळ्याला सावरतो. स्थिर शक्तीचा भार जास्त प्रवाह ओढून तारांमधला दाबपात वाढवतो. मॉडेलमध्ये चिन्हच उलटे असेल, तर स्थैर्याच्या अभ्यासातून निघालेल्या निष्कर्षावर कोणी विसंबायचे?

शिवाय एलईडी हा एकच प्रकार नाही. एकात पुरवठ्याबरोबर कॅपॅसिटर मालिकेत लावून प्रवाह मर्यादित केलेला असतो, दुसऱ्यात साधा ब्रिज आणि रेषीय नियंत्रक असतो, तिसऱ्यात उच्च वारंवारतेचा कन्व्हर्टर, चौथ्यात त्याच्या जोडीला पॉवर फॅक्टर सुधारणारे मंडल. चारही दिवे बाहेरून सारखे दिसतात, उजेडही सारखाच देतात आणि खोक्यावर वॅटचा आकडाही एकच असतो. जाळ्याला मात्र ते चार वेगळे भार आहेत.

चौथी तक्रार हार्मोनिकच्या परिशिष्टातल्या सरळ बेरजेची. इथे मसुदा उलट्या बाजूला चुकतो. प्रयोगशाळेत शुद्ध साइन लहरीवर एक दिवा मोजायचा आणि त्याच्या हार्मोनिकला दिव्यांच्या संख्येने गुणायचे, असे केले तर वरच्या क्रमाच्या हार्मोनिकचा आकडा अवाजवी फुगतो. याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की असे पुष्कळ भार एकत्र आले की शिखरापाशी सगळे एकदम वीज ओढतात, त्यामुळे दाबाच्या लहरीचा माथा चपटा होतो. माथा चपटा झाला की डायोड जास्त वेळ उघडे राहतात, सुळका रुंद आणि बुटका होतो आणि हार्मोनिक घटतात. जाळे जितके कमकुवत, तितका हा परिणाम मोठा. दुसरे असे, की निरनिराळ्या दिव्यांमधले कॅपॅसिटर आणि रोध वेगळे असल्याने त्यांच्या हार्मोनिकचे कोन जुळत नाहीत, आणि काही भाग आपसात मिटतो. १९९५ मध्ये मन्सूर, ग्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयईईईच्या नियतकालिकात एकफेज इलेक्ट्रॉनिक भारांबद्दल नेमके हेच दोन परिणाम मांडले. पण तिसऱ्या हार्मोनिकचे कोन दिव्यादिव्यांत फारसे बदलत नाहीत, म्हणून न्यूट्रलमध्ये त्याची बेरीज जवळपास पूर्ण राहते. म्हणजे मसुद्याचा एक भाग न्यूट्रलकडे दुर्लक्ष करतो, आणि दुसरा भाग अकराव्या-तेराव्या हार्मोनिकचा इतका मोठा आकडा देतो की एखादा नियोजक गरज नसलेला फिल्टर मागवून बसेल.

यावर ‘मग प्रत्येक दिव्याचे संपूर्ण मंडल संगणकात घालायचे का’ असा प्रश्न मला एका चर्चेत विचारला गेला होता. तशी गरज नाही. कालक्षेत्रातले (लहर क्षणाक्षणाला काढणारे) कामचलाऊ मॉडेल चार घटकांत बसते: पुरवठ्याच्या बाजूचा एक रोध, डायोडांचा ब्रिज, कॅपॅसिटर, आणि त्याच्यामागे नळीच्या किंवा एलईडीच्या जागी एक समतुल्य रोध. एवढ्याशा मंडलात तो सुळका दिसतो, चपट्या दाबावर त्याचे रुंदावणेही दिसते. हजारो दिव्यांसाठी हेही जड वाटत असेल, तर वारंवारता-क्षेत्रात नॉर्टन मॉडेल (एक प्रवाह-स्रोत आणि त्याला समांतर एक अडथळा) आहे, आणि त्याहून नेमके हवे असेल तर एका क्रमाच्या दाबाचा दुसऱ्या क्रमाच्या प्रवाहावर होणारा परिणाम सांगणारे अॅडमिटन्सचे (दाबामागे किती प्रवाह, याचे) कोष्टक आहे. ते एकदा मोजून काढले की वापरायला गुणाकार-बेरीज पुरते. अनेक प्रकारचे भार घटकांपासून वर बांधत एकत्र कसे आणायचे, यावर सिग्रे या वीज-प्रणालींवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सी४.६०५ या कार्यगटाचा अहवाल २०१४ पासून उपलब्ध आहे. विद्या आहे, साधने आहेत. फक्त नियमाने ती वापरायला सांगितलेली नाहीत.

पाचवी तक्रार मानक समितीच्या सदस्यांकडे. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या) ६१०००-३-२ या मानकात २५ वॅटची रेघ आहे. तिच्या वरच्या प्रकाशसाधनांना तिसऱ्या हार्मोनिकची मर्यादा २७ टक्क्यांच्या आसपास. रेघेच्या खालच्या दिव्यांसाठी जे पर्याय आहेत, त्यांपैकी एकात लहरीच्या आकाराच्या अटी पाळल्या की तिसरे हार्मोनिक ८६ टक्क्यांपर्यंत आणि पाचवे ६१ टक्क्यांपर्यंत चालते. घरात लागणारा जवळजवळ प्रत्येक ऊर्जाबचतीचा दिवा या रेघेच्या खालीच आहे. २०१८ च्या आवृत्तीत एकूण विकृती ७० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नवा पर्याय आला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच आवृत्तीत ५ वॅटच्या आतल्या दिव्यांवर मर्यादाच राहिली नाही. एक दिवा लहान आहे हे मान्य. पण एका रोहित्राखाली एकच दिवा कधीच नसतो. मर्यादा ठरवताना एकाकडे बघायचे आणि नियोजन करताना सर्वांना एकत्र सोसायचे, ही विसंगती आपण दोन्ही समित्यांनी एकत्र बसून सोडवायला हवी.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. दाबाच्या चढउतारामुळे दिव्याची जी लुकलुक होते, ती मोजणारे फ्लिकरमीटर आयईसी ६१०००-४-१५ प्रमाणे बनते. त्याच्या आत डोळ्याच्या आणि मेंदूच्या प्रतिसादाबरोबर एका दिव्याचेही मॉडेल आहे, आणि तो दिवा ६० वॅटचा तारेचा बल्ब आहे. आज खोलीत एलईडी असताना मोजणी त्या बल्बच्या नजरेने होते. काही एलईडी दिवे दाबाच्या चढउताराला बल्बपेक्षा कितीतरी कमी दाद देतात. काही, विशेषतः स्वस्त ड्रायव्हरचे, बल्बला जाणवतही नसे अशा आंतर-हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीत नसलेल्या) वारंवारतेला लुकलुकू लागतात. डोळे दुखण्याची तक्रार घेऊन माणूस येतो आणि मीटर सांगते की सारे मर्यादेत आहे. अशा वेळी खोटे कोण ठरते, तर तो माणूस.

२ ते १५० किलोहर्ट्झ या पट्ट्यातल्या उत्सर्जनाचा उल्लेखही मसुद्यात नाही. दिव्यांमधले कन्व्हर्टर याच पट्ट्यात चालतात, त्यांचा प्रवाह बहुतेकदा रोहित्रापर्यंत न जाता शेजारच्या उपकरणांच्या फिल्टर-कॅपॅसिटरमध्ये शिरतो, आणि तारेवरून बोलणाऱ्या वीजमीटरांचा संवादही याच पट्ट्यात होतो. यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. इथे नोंद करून पुढे जाते.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. या पत्राचा आधार घेऊन कोणी तारेच्या बल्बची वकिली करू नये. त्या वसतिगृहात एका बल्बला ०.२६ अँपिअर लागत होता, सीएफएलला सगळी विकृती धरून ०.११ लागला, आणि खरी शक्ती ६० वॅटवरून १४ वर आली. बचत खरी आहे. दिवे दोषी नाहीत, आणि ते बदलण्याचा निर्णयही चुकीचा नव्हता. दिवा बदलला तेव्हा त्याचे मॉडेल बदलायला हवे होते, ते राहिले. म्हणूनच या बचतीच्या जिवावर आणखी भार जोडताना हिशेब खऱ्या प्रवाहावर व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता मागण्या.

प्रकाशभाराची ती एक ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी निदान चार वर्ग द्यावेत: तारेचे बल्ब, सीएफएल, पॉवर फॅक्टर सुधारणा नसलेले एलईडी आणि ती असलेले एलईडी. प्रत्येक वर्गासाठी शक्तीचे दाबाशी असलेले नाते आणि हार्मोनिकचे प्रमाण त्याच्या कोनासह द्यावे. कोन नसलेले कोष्टक निरुपयोगी आहे, कारण त्यावरून बेरीज करताच येत नाही. ही मोजणी केवळ शुद्ध साइन लहरीवर न करता चपट्या आणि टोकदार माथ्याच्या दाबावरही करावी.

न्यूट्रलचा हिशेब सक्तीचा करावा. फेजच्या प्रवाहात तिसऱ्या हार्मोनिकचे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर जाते तेव्हा तारेची जाडी न्यूट्रलच्या प्रवाहावरून ठरवावी, असे मार्गदर्शन आयईसी ६०३६४-५-५२ मध्ये आहेच. ते आपल्या मार्गदर्शिकेत बंधनकारक म्हणून यावे. जिथे असे दिवे हा मुख्य भार आहे तिथे निम्म्या जाडीच्या न्यूट्रलला परवानगी नसावी, आणि जुन्या इमारतींत दिवे बदलताना न्यूट्रलची ट्रू आरएमएस मीटरने तपासणी व्हावी.

दिव्यांमुळे घसरलेल्या पॉवर फॅक्टरसाठी कॅपॅसिटर बसवण्याची सूचना ताबडतोब मागे घ्यावी. ही मागणी पुढच्या आवृत्तीची वाट पाहू शकत नाही. कॅपॅसिटरचा आकार मूळ वारंवारतेच्या प्रतिघाती (रिअॅक्टिव्ह) शक्तीवरूनच ठरवावा.

उत्पादकांनी पॉवर फॅक्टरच्या एका आकड्याऐवजी दिव्याच्या प्रवाहाच्या एका पूर्ण फेऱ्याची मोजलेली लहर सर्वांना उपलब्ध करून द्यावी, अशी अट मानक समितीने घालावी. हार्मोनिकची चाचणी करताना ही लहर मोजावीच लागते. त्याच समितीने ५ वॅटच्या आतल्या दिव्यांना मिळालेल्या सवलतीचा एकत्रित परिणाम तपासावा, आणि फ्लिकरच्या मोजणीत आजच्या दिव्यांना स्थान देण्यासाठी आपला आवाज आंतरराष्ट्रीय पातळीवर उठवावा.

शेवटची मागणी पडताळणीची. निवडक रोहित्रांवर, दिवे बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर, तिन्ही फेज आणि न्यूट्रलच्या लहरी निदान आठवडाभर नोंदवाव्यात, त्या कच्च्या स्वरूपात प्रसिद्ध कराव्यात, आणि कोणतेही मॉडेल या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय मार्गदर्शिकेत घेऊ नये. माझ्या हरकतींसह आलेल्या प्रत्येक हरकतीला ‘नोंद घेतली’ याऐवजी, ती मान्य आहे की नाही आणि का, असे कारणासह उत्तर मिळावे.

वसतिगृहात मी नोंदवलेल्या सर्व लहरी, ते ठिकाण ओळखू येईल असा तपशील वगळून, मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवते आहे. न्यूट्रल बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या दोन्ही नोंदी त्यात आहेत, आणि माझी सही असलेला मूळ हिशेबही आहे. समितीच्या कोणत्याही बैठकीत येऊन ही मोजणी समजावून द्यायला मी तयार आहे; चार घटकांचे मॉडेल आणि प्रत्यक्ष लहर एकाच पडद्यावर दाखवायला मला अर्धा तास पुरेल. मसुदा अंतिम होण्यापूर्वी आपले लेखी उत्तर यावे, ही विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
वितरण जाळ्यांचे भारप्रवाह-अभ्यास करणारी एक अभियंता